आधीची मुलगी का गेली?

वेंगुर्ल्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी एक खोली बघायला गेले होते, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना? दोघींच्या खोलीत एक जागा रिकामी होती. मालकीणबाईंनी कोकम सरबत दिलं आणि खोली दाखवली. तिथे आधीपासून राहणारी स्मिता कॉटवर बसली होती.

मी सहज विचारलं, "आधीची मुलगी का गेली?"

"तिचा लगीन झाला," मालकीणबाई म्हणाल्या.

"तिची बदली झाली," स्मिता त्याच क्षणी म्हणाली.

माझं कुतूहल चाळवलं. मी खोलीत नीट बघायला लागले. दार आतून लावायला गेले, तर कडीच्या जागी स्क्रूची नुसती भोकं!

"मावशी, कडी खंय गेली?"

"कडी कशाक व्हयी गो? आमचे हे येतत पंखो, नळ बघूक. तुमका दार उघडूचो त्रास नको."

"न विचारता येतात?"

"आमचाच घर मा ता!"

मी सरबत कसंबसं संपवलं आणि "कळवते" म्हणून निघाले. स्मिता फाटकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, ही आता आधीच्या मुलीचं खरं काय ते सांगणार. तिने मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, "तू दुसरी खोली बघशील ना, ती दोघींसाठी बघ."

आठवड्याभरात मला बाजाराजवळ दोघींसाठी खोली मिळाली आणि मी स्मिताला पत्ता कळवला. मी सामान घेऊन पोचले, तर स्मिता आधीच पायरीवर बॅगा घेऊन बसलेली.