देवचाराच्या वहाणा

त्या वहाणा तुम्हीच उचलल्यात ना? — नाही, नाही, उठू नका, बसा, मी भांडायला नाही आले. चहा आणलाय. पोईसुद्धा आणलीय, पदेर, पाववाला, आत्ताच सायकलवरून गेला, अजून ऊन आहे बघा — पहिल्या दिवशी किती आवडीनं खाल्लीत, म्हणालात, काकू, पुण्यात असला पाव मिळत नाही. खा आधी. मी आपली उभीच बरी. फक्त सांगा — वडाखालच्या, देवचाराच्या, चामड्याच्या त्या मोठ्या वहाणा — तुमच्या हिरव्या पिशवीतून एकीचा अंगठा बाहेर दिसतोय, म्हणून विचारते. पिशवीला मी हात लावला नाही हो. खोली झाडायला आत गेले होते, दिसलं, तशीच केरसुणी टाकून बाहेर आले.  बशीत चहा सांडला तो त्यामुळेच. 

बरं केलंत, खरं सांगितलंत. नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होते? काही नाही, परत आत जाऊन चुलीपुढे बसले असते आणि रडले असते. आता एवढं करा — दिवेलागणीच्या आत त्या परत नेऊन ठेवा. लांब नाही, ह्या माडांच्या पलीकडे तो वड, काल मित्रांबरोबर गेला होतात तोच. वडाखालच्या दगडाच्या उजव्या अंगाला, दोन्ही जोडीनं, तोंडं समुद्राकडे. झालं. मीच ठेवल्या असत्या, तुम्हाला त्रास नसता दिला — पण ज्या हातांनी उचलल्या त्याच हातांनी खाली ठेवायच्या असतात. नाहीतर त्या ठेवल्या असं होत नाही, टाकल्या असं होतं. म्हणून तुमच्या पाया पडायला आले. तुम्ही संध्याकाळी निघणार, पिशव्या भरून झाल्यात, मला सगळं दिसतंय. पण दहा पावलांचं काम आहे.

काय? नव्या? — पाकीट आत ठेवा हो, कशाला काढताय. नव्या मिळतील, म्हापशाच्या बाजारात ह्याहून देखण्या मिळतील. पण ह्या करून घेतलेल्या आहेत. चांभाराकडे आम्ही दोघं जाऊन बसलो होतो, तो शिवत होता आणि आमचे हे समोर बसून बघत होते, डाव्या पट्ट्याला टाका कुठे पडला तेही त्यांना ठाऊक आहे. मग वर्षभर त्या उन्हापावसात राहिल्यात. तुम्हाला भिंतीवर लावायच्या आहेत, चांगल्या दिसतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या भिंतीवरच्या नाहीत.

चूक माझीच. मीच सांगितलं ना तुम्हाला. पहिल्या संध्याकाळी तुम्ही इथेच, ह्या बाल्कांवावर, ओट्यावर बसला होतात आणि विचारलंत, काकू, रात्री भीती नाही वाटत, माडांत एवढा काळोख? मला असं कुणी काही विचारत नाही हो. खोलीत पंखा चालतो का, पाणी गरम येईल का, स्कूटर कुठे मिळेल — एवढंच विचारतात पावणे. तुम्ही विचारलंत आणि मी बोलत सुटले. सासूबाई — रुक्मिणी त्यांचं नाव — त्यांनी जायच्या आधी मला जे सांगितलं होतं, ते सगळं. की आमच्या हरमलच्या शिवेवरून रात्रभर कुणीतरी चालतं, घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन — त्यालाच देवचार म्हणायचं. तो देव, की भूत, की आपलाच गेलेला कुणी, ते विचारायचं नाही. त्याच्याकडे फार मागायचंही नाही. आपण डोळे मिटतो ते कुणीतरी आपल्यासाठी उघडे ठेवलेत म्हणून — एवढं ध्यानात ठेवायचं, बस्स. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून कुणीतरी नव्या ठेवतं. ते काही लाच देणं नव्हे. तुझे पाय दुखत असतील हे मला कळतं, असं त्याला सांगणं. आणि हे कळलं की माणसाला झोप लागते. सासूबाई म्हणाल्या होत्या, हे ज्याला लागेल त्याला दे. मला वाटलं, तुम्हाला लागेल. तुम्हीच म्हणाला होतात की गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही, एवढ्या तरण्या वयात — मला वाईट वाटलं. म्हटलं, पोराला द्यावं.

तुम्ही हं हं करत होतात. मला वाटलं, पोचलं. आणि मग दुसऱ्या दिवशी मित्र आले तुमचे, तर मला हाक मारून म्हणालात, काकू, ह्यांना ती वॉचमनची गोष्ट सांगा ना! — वॉचमन. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण सांगितली, पुन्हा सांगितली, अगदी सासूबाईंच्या शब्दांत. ती केस रंगवलेली मुलगी म्हणाली, मग पगार कोण देतं त्याला, पंचायत? आणि मी हसले. खरंच हसले. दुसरा म्हणाला, देवचाराचं माप किती हो, नऊ नंबर की दहा? त्यालाही हसले. माणसं हसली की आपली झाली असं मला वाटतं, स्वभावच माझा तसा. मग काल तुम्ही सगळे गेलात वडाखाली. दगडावर बियर ओतलीत — ते चालतं हो, दारू त्याला लोक ठेवतातच, विडीही ठेवतात, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही वहाणा पायांत घातल्यात. घालून नाचलात. शेजारच्या शांतानं दाखवलं मला आज सकाळी, तिच्या मुलीच्या मोबाईलवर तुमचं ते चालतं चित्र आलं होतं. म्हणाली, "गे सत्यवती, तुज्या पावण्यांनी देवचाराक नाचयलो मगो!" हसत होती ती. मला त्या चित्रात तुमचे पाय दिसले, टाचा बाहेर आलेल्या. त्या वहाणा मोठ्या आहेत, तरी तुमच्या टाचा बाहेर.

नाही, गावातलं कुणी येऊन तुम्हाला काही करणार नाही. त्याची काळजी नको. देवचारही काही करणार नाही. तो रागावणाऱ्यांतला नाही, मला विचाराल तर. त्याची भीती नाही वाटत मला. — मग कसली? कसली नाही. ठेवून या, मग मी तुम्हाला वाटेत खायला नेवऱ्या बांधून देते. — अहो, कसली म्हणजे काय, बाईमाणूस आहे, वाटते भीती. — असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला कारण हवंच का? कारण कळलं तर ठेवाल? नक्की? — हळू बोलते मग. आमचे हे मागच्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेत, वाऱ्याबरोबर आवाज जातो.

ह्यांच्यासाठी आहेत त्या वहाणा. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिल्याच दिवसांत होडी उलटली, तिथं त्या खडपांच्या पुढे, दिसतंय ना पाणी फुटतंय तिथं. कुणी गेलं नाही, देवाच्या दयेनं. सगळे पोहून आले. दुसऱ्या दिवशी हसत होते सगळे, हेसुद्धा हसत होते, कुणाची लुंगी सुटली आणि कोण आईला हाका मारत होतं. मग तिसऱ्या दिवशी पहाटे मी चहा दिला आणि हे तसेच बसून राहिले. म्हणाले, "सत्यवती, माका जमना." मला वाटलं, ताप आहे. ताप नव्हता. चौथ्या दिवशी पण तेच. मग न्हाणीत जायचे आणि अंगावर पाणीच ओतायचे नाहीत — डोक्यावर तांब्या आला की ओरडायचे. मी ओल्या फडक्यानं अंग पुसून द्यायची. सगळं आयुष्य पाण्यात गेलेला माणूस! लाटेच्या आवाजानं झोप उडायची, आणि आमचं घर हे असं, आवाज बंद कुठे करणार? मी जनेलाच्या झडपांच्या फटींत कापड कोंबायची.

विठू रोज येऊन हाक मारायचा. विठू म्हणजे तांडेल, ज्याच्या होडीवर हे जातात, तो चालवतो, तो सांगेल तसं होतं. फाटकातून ओरडायचा, "बाबली, पोट दुखता, की बायल सोडना?" मी बाहेर जाऊन सांगायची, मीच सोडत नाही, कंबर धरलीय त्यांची. लोक मला हसायचे. हसू देत. पण खरं सांगता येत नाही ना. भ्यालेल्या माणसाला होडीत घेत नाहीत इथं. रागानं नव्हे — होडी उलटली तर तो शेजारच्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. विठूला कळलं तर तो त्याच दिवशी ह्यांना खाली उतरवील, आणि त्याचं काही चुकणार नाही. मग हे काय करतील, तुम्हीच सांगा. शॅकवर ताटल्या उचलतील? ह्या वयात? ते तसेच खंगून जातील, खाटेवर भिंतीकडे तोंड करून. मी पाहिलंय त्यांना तसं. ती पाठ मला परत नाही बघायची.

तेव्हा मी सासूबाईंचं ते सांगणं ह्यांना सांगितलं. त्यांची स्वतःची आई, पण तिनं ते मला सांगितलं होतं, त्यांना नव्हे.  दुसऱ्या सकाळी म्हणाले, चल, चांभाराकडे जाऊ. — तेव्हापासून रोज पहाटे आम्ही दोघं वडाखाली जातो. काळोख असतो. हे खाली बसतात, एक हात वहाणांवर ठेवतात, आधी डावी, मग उजवी, अंधारात टाके चाचपतात. दुसरा हात माझ्या हातात. लहान मुलासारखा धरतात, घट्ट, बोटं दुखतात माझी. मग हळूहळू श्वास जागेवर येतो. मग उठतात आणि एकटे पुढे जातात, मी वळणाच्या अलीकडेच थांबते, कुणाला दिसू नये म्हणून. होडीत बसल्यावर विचारतात म्हणे विठूला, आज वारा कुठला. असे, काही झालंच नसल्यासारखे. वर्ष झालं. अजून भितात हो, रोज भितात. पण जातात. आज वाऱ्यामुळे होड्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांना अजून कळलेलं नाही. उद्या जाणार. उद्या पहाटे हात लावतील तेव्हा तिथं नुसती माती लागली तर ते तिथूनच मागे फिरतील.

आता कळलं? हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शांताला नाही, माझ्या लेकीला नाही, तिला सासरी वाटतं, बाबांची कंबर धरली होती. तुम्ही परके, म्हणून बोलले. तुम्ही आता जाल, आमची तोंडंसुद्धा आठवणार नाहीत तुम्हाला. त्या चित्रात पाय नाचवलेत, त्याचाही राग नाही माझ्या मनात. तुम्हाला ठाऊक नव्हतं —

हे काय? तो मोबाईल पेल्याला टेकवून असा उभा का ठेवलाय? तो माझ्याकडे तोंड करून का आहे? — काय म्हणालात, आवाज छान आहे माझा? गोष्ट छान सांगते? ही गोष्ट नाही हो! ही — कधीपासून? चहा ठेवला तेव्हापासून? देवा. बंद करा. बंद करा तो, मी हात जोडते. ह्यांचं नाव घेतलं मी त्यात, विठूचं घेतलं, न्हाणीतलं सांगितलं, काय काय बोलून बसले — माझ्या बांगड्यांची शपथ घालते तुम्हाला, पुसून टाका. — पुसलंत? खरंच? दाखवा. — मला त्यातलं काही कळत नाही, काळं झालं म्हणजे पुसलं का? तुम्ही म्हणता तर पुसलं. म्हणताय ना? मग झालं. मला विश्वास ठेवायलाच हवा, दुसरं काय करू मी.

श्श. मागे पाटाचा आवाज आला. उठले वाटतं ते. — हो, आले हो, पावण्यांना चहा देते! — उठा आता. पोई राहू दे. त्या पिशवीतून वहाणा काढा, पंच्यात गुंडाळा, आणि इकडून न जाता पलीकडच्या दगडी गडग्यावरून जा, ह्यांना दिसू नका. तोंडं समुद्राकडे, लक्षात ठेवा. तिथून परस्पर गाडीत बसा. माझा निरोप घ्यायला येऊ नका. खोलीचं काही राहिलं नाही, तुमचंही माझ्याकडे काही राहिलं नाही. जा म्हणते ना. जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहाणा जागेवर होत्या, ह्यांनी त्यांना हात लावला आणि ते किनाऱ्यावर गेले. तिथं विठूच्या मोबाईलवर, तुम्ही पुसला म्हणालात तोच, माझा आवाज चालला होता, सगळे गोल करून ऐकत होते, आणि होडी ह्यांना न घेता गेली.