मेजरची टेलिफोटो लेन्स

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या. फौजेत मी दुर्बिणीनं टेहळणी करायचो. रिटायर झालो तरी खोड जाईना, म्हणून गाडीतल्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ दावणारी टेलिफोटो लेन्स बसवली.

बायको म्हणाली, "आवं, फलटणच्या रस्त्यावर कसला दुश्मन?"

त्याच रस्त्यावर उसातनं एक दूधवाला फटफटीवरनं आला आन् थेट माझ्या गाडीच्या दारावर आदळला. समदं दूध सांडलं. वर त्योच बोंबलाय लागला, "मेजर, तुमीच ठोकलं!"

माणसं जमली. मी छाती काढून म्हणलं, "थांब, कॅमेऱ्यात सगळं हाय."

समद्यांनी वाकून बघितलं. पडद्यावर फकस्त लांबच्या साखर कारखान्याचं धुराडं, लय झ्याक.

दूधवाला म्हणाला, "मेजर, मग मला ह्या धुराड्यानं ठोकलं व्हय?"