अकरा टक्क्यांचा घसा

...नाही, तुम्ही मला एक सांगा, माणसाचा घसा बसला तर त्यात माणसाचा काय दोष? घसाच तो, कधीतरी बसायचाच! तुमचा नाही बसत? बसतो ना? मग तुमचं कुणी काही वाकडं केलं? नाही केलं! पण माझा घसा बसला आणि आमच्या नाटकाचं बुकिंग उठलं, आणि तिथून जी काय माझी ससेहोलपट सुरू झाली म्हणता...

थांबा, नीट सांगतो. मी नट आहे. असं डोळे बारीक करून बघू नका, चेहरा ओळखीचा नसला तरी माणूस नट असू शकतो. तीस वर्षं कामं करतोय. सध्या एका नाटकात डॉक्टर आहे. दुसऱ्या अंकात यायचं, घरातले म्हातारे आता वाचत नाहीत हे त्यांच्या बायकोला सांगायचं, आणि जायचं. अडतीस वाक्यं. मोजलीयत मी! 'आत येऊ का?'पासून 'येतो मी'पर्यंत बरोब्बर अडतीस.

आता आमच्या त्या रस्त्यावर नाट्यगृहं किती? बावीस. आणि दर सोमवारी सकाळी अकरा वाजता नाट्यगृहांच्या संघाकडून एक कागद निघतो. कुणाच्या किती खुर्च्या भरल्या, गेल्या आठवड्यापेक्षा किती टक्के वर, किती टक्के खाली. वर गेलात तर हिरवा बाण, खाली गेलात तर लाल. एवढंसं एक पान हो, पण अख्ख्या रस्त्याचा रक्तदाब त्याच्यावर! हिरवा बाण आला की आमचा रंगभूषाकार गालाला असा हळुवार हात लावतो, जशी काही जावळ काढलेल्या बाळाची टाळू... आणि लाल आला की तोच माणूस पावडरचा पफ असा हाणतो की मी पहिल्या अंकभर शिंकतोय. केस कापायला गेलो तर न्हावी विचारणार, 'काय, सहा टक्के घसरलात म्हणे?' काय उत्तर देणार? वस्तरा त्याच्या हातात, मान माझी!

आणि आमचे निर्माते. त्यांना सगळे मालक म्हणतात. ते स्वतःसुद्धा स्वतःला मालकच म्हणतात, फोन उचलला की 'मालक बोलतोय!' पूर्वी त्यांचा फरशांचा धंदा होता. खोली इतकी बाय इतकी, फरशा इतक्या, विषय संपला. नाटकात आले तेही तेवढंच घेऊन. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, टेबलावर बोट आपटून म्हणायचं, 'डॉक्टर, माणूस खोटं बोलतो. आकडा खोटं बोलत नाही!' हो, मला डॉक्टरच म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

तर एका गुरुवारी माझा घसा बसला. म्हणजे नुसता खवखवला नाही, पार गेला. तोंड उघडलं की सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं फुस्स. माझ्या जागी उभा राहायचा तो बदली नट नेमका अक्कलदाढ काढायला गेलेला, त्याचं तोंड फुग्याएवढं. म्हणजे एक डॉक्टर बोलू शकत नाही आणि दुसऱ्या डॉक्टरकडे बघवत नाही! मग आमच्या मुख्य नायिका, त्यांना सगळे बाई म्हणतात, म्हाताऱ्यांच्या बायकोचं काम करतात, त्या म्हणाल्या, 'मी फोनवर निभावून नेते.' आणि नेलं हो! रिसीव्हर कानाला लावला, 'काय म्हणता डॉक्टर? ...काहीच उपाय नाही? ...अरे देवा!' संपला प्रवेश. चार दिवस असंच चाललं.

सोमवारी कागद आला. अकरा टक्के वर! हिरवा बाण!

मालकांनी मला वर बोलावलं. लिफ्ट बंद, मी धापा टाकत गेलो, म्हटलं माणूस तब्येत विचारेल. तर म्हणतात, 'डॉक्टर, तुम्ही नव्हतात आणि अकरा टक्के चढलं. मी काही बोलत नाही. आकडा बोलतोय.' मी फुस्स फुस्स करून सांगतोय की अहो, शाळांना सुट्टी लागली त्या आठवड्यात! आमची ही शाळेत गणित शिकवते, तिनं रविवारीच सांगितलं होतं मला, 'अहो, सुट्टीत सगळ्यांचंच चढणार.' आणि चढलं होतं! बावीसच्या बावीस बाण हिरवे. शेजारच्या नाट्यगृहात ते कुत्र्याचं नाटक चालतं, ज्यात कुत्रा गेला महिनाभर विंगेतून बाहेर यायला तयार नाही, तेसुद्धा एकोणीस टक्के वर! ही म्हणाली, 'सगळ्यात कमी तुमचंच चढलंय.' पण ऐकतो कोण? मालकांचं बोट टेबलावर... आकडा खोटं बोलत नाही!

झालं. अडतीसची वीस वाक्यं झाली.

पुढच्या आठवड्यात नाट्यगृहासमोरचा रस्ता खणला. पाइप टाकायला. एवढा खड्डा, त्यावर एक फळी, फळीवरून चालत यायचं म्हणजे प्रेक्षकच कसरत करणार आणि तिकीटही त्यांनीच काढायचं! चार टक्के खाली. लाल बाण. मी म्हटलं, मालक, खड्डा... मालक म्हणाले, 'खड्डा नाही डॉक्टर. अर्धवट कापलं म्हणून पडलं. कापायचं तर धीटपणानं कापायला पाहिजे.' वीसची सात. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन टक्के वर. का? तर खड्डा बुजवला! पण मालकांचा चेहरा असा उजळला, जणू गुरुत्वाकर्षण त्यांनीच शोधलं. सातचं एक वाक्य झालं. एक! मी आत यायचं, बॅग खाली ठेवायची, बाईंकडे बघायचं आणि म्हणायचं, 'माफ करा, फार उशीर झालाय.' आणि जायचं.

बसायचंसुद्धा नाही! आता तुम्ही म्हणाल, बसण्याचं काय एवढं? सांगतो. मूळ प्रवेशात डॉक्टर आत येतो, बाईंच्या शेजारची खुर्ची ओढतो, बसतो, थोडा वेळ काही बोलतच नाही. मग सांगतो. ते बसणं माझं होतं हो. संहितेत नव्हतं. तालमीत मला सुचलं, की अशी गोष्ट उभ्याउभ्या सांगायची नसते.

आणि त्या बसण्याला एक गिऱ्हाईक होतं. एक म्हातारे गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करायचे पूर्वी, आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणायचो. बुधवारी दुपारच्या खेळाला यायचे, सातवी रांग, कडेची खुर्ची. मी त्यांना पहिल्यांदा मागच्या दारापाशी भेटलो तेव्हा म्हणाले, 'आमची ही गेली तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला जिन्यात सांगितलं. ते वर चालले होते, मी खाली. तुम्ही बसून सांगता. म्हणून येतो.' एवढंच बोलले. छत्री उचलली आणि गेले. तीस वर्षांत मला बक्षिसं दोन मिळालीत, एक चषक आणि एक भिंतीवरचं घड्याळ, पण हे... जाऊ द्या.

तर एक वाक्य. पहिल्याच दिवशी मी आत आलो, बॅग ठेवली, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, 'माफ करा, फार उशीर झालाय.' मागून एकजण फुसकन हसला. का? तर त्याला वाटलं डॉक्टरला यायला उशीर झालाय! गाडी चुकली, रस्त्यात अडकला, काहीतरी! मग शेजारचा हसला, मग रांग हसली, मग सगळं थिएटर... आणि मी जातोय! मी आपला बॅग उचलून चाललोय! अहो, लोक खुर्चीवरून खाली घसरले! बाई बिचाऱ्या पुढची आठ मिनिटं धाय मोकलून रडतायत आणि प्रत्येक हुंदक्याला हशा!

सोमवारी कागद. सतरा टक्के वर!

मालक स्वतः खाली आले. लिफ्ट बंद असताना! मला मिठी मारली. 'डॉक्टर, तुम्ही तर हिरा निघालात!' दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फलकावर, जिथं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'रडू आवरणार नाही', तिथं 'रडू'वर कागदाची पट्टी चिकटवली आणि लिहिलं 'हसू'. बस्स. बाकी सगळं तेच. नायिकेच्या डोळ्यांत अश्रू, मागं विझलेला दिवा, आणि वर 'हसू आवरणार नाही'! मी बोललो थोडंसं, तर टेबल नव्हतं म्हणून त्यांनी माझ्या छातीवर बोट आपटलं. आकडा खोटं बोलत नाही!

बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या खोल्या समोरासमोर, रोज त्या दार माझ्या तोंडावर लावणार. शेवटी एकदा उघडून म्हणाल्या, 'डॉक्टर, चाळीस वर्षं मी रडतेय. माझ्या रडण्याला पहिल्यांदा लोक हसले. तुम्हाला काही वाटतं का?' मला वाटत होतं हो! पण म्हणणार काय? माफ करा, फार उशीर झालाय? ते वाक्यसुद्धा नासलं होतं माझं!

आणि मग तो बुधवार. खेळाच्या आधी मी मागच्या दारानं आत जातोय तर घड्याळकाका उभे. म्हणाले, 'डॉक्टर, हल्ली तुम्ही बसत नाही.' मी म्हटलं, काका, ते जरा... वरून आदेश... बुकिंग... सतरा टक्के... काय काय बोललो मलाच आठवत नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'नाही, माझी तक्रार नाही. घाईत असाल. डॉक्टर लोक असतातच घाईत.' आणि आत गेले. सातवी रांग, कडेची खुर्ची.

तुम्हाला सांगतो, मला कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी निवांत चहा प्यायलो असतो. पण हे 'घाईत असाल'...! 

मालक त्या आठवड्यात लेकीकडे गेले होते, नव्या बंगल्यात फरशा बसवून द्यायला. दुसरा अंक सुरू झाला. 'आत येऊ का?' म्हटलं. मी आत आलो. बॅग ठेवली. लोक तयारच, मागच्या रांगेत एकानं हसायला तोंडही उघडलं. आणि मी खुर्ची ओढली. बसलो. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं... मला वाटलं, आता ह्या मला इथंच, सगळ्यांसमोर... पण त्यांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. मी म्हटलं, 'तुमच्याशी जरा बोलायचंय.' दुसरं वाक्य. मग तिसरं. अडतीसच्या अडतीस, एकही विसरलो नाही. मागं तो एकजण हसायला लागला होता, ते हसू मधेच खोकल्यात गेलं, आणि मग ऐकू येत होता तो फक्त छतावरचा पंखा. मग बाई रडल्या. कुणी हसलं नाही. विंगेत आल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, 'आता रविवारपर्यंत असंच. पुढचं पुढे बघू.'

आणि केलं आम्ही! बुधवार ते रविवार, सगळे खेळ, पूर्ण प्रवेश. घड्याळकाका शनिवारीही आले. एरवी कधी शनिवारी येत नाहीत.

सोमवार आला. मालक परतले. कुणीतरी चुगली केली होतीच. मला वर बोलावलं, बाईंनाही. हिनं सकाळीच माझा चांगला शर्ट काढून ठेवला होता, म्हणाली, 'काढून टाकलं तर टाकलं, पण मान खाली घालून येऊ नका.' मालक लालबुंद. 'हातात आलेला सतरा टक्क्यांचा माणूस तुम्ही बुडवलात! आता बघा, आकडाच सांगेल!' व्यवस्थापक कागद घेऊन आला. मालकांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद उलटा करून मागं पाहिलं. मग व्यवस्थापकाला विचारतात, 'हे काय आहे?'

तो म्हणाला, 'शून्य आहे, मालक.'

'शून्य म्हणजे? वर की खाली?'

'वर नाही, खाली नाही. गेल्या आठवड्यात जितक्या खुर्च्या भरल्या, तितक्याच या आठवड्यात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.'

बाणच नव्हता हो! ना हिरवा, ना लाल. बाणाच्या जागी एक आडवी रेघ. मालकांनी बोट उचललं, टेबलापर्यंत आणलं, आणि ते तसंच हवेत राहिलं. दोन मिनिटं! बाई माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

मग मालक हळूच म्हणाले, 'म्हणजे हसवलं काय आणि रडवलं काय... तुम्ही बोललात काय आणि नाही बोललात काय... तुमच्यामुळे कशाचाच कशावर काही परिणाम होत नाही.'

मी म्हटलं, 'तसंच दिसतंय, मालक.'

'मग बोला की! सगळं बोला! बसून बोला, झोपून बोला!' आणि व्यवस्थापकाला म्हणाले, 'डॉक्टरांचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवा. बाकीचे सगळे धोक्याचे आहेत, कधी वर नेतील, कधी खाली आणतील, काही भरवसा नाही. असा निरुपद्रवी माणूस शोधून सापडणार नाही!'

'हसू'ची पट्टी काढली. प्रवेश परत मिळाला, खुर्ची परत मिळाली. बाईंनी पेढ्यासारखा गोड चेहरा करून माझं अभिनंदन केलं. आणि घरी येऊन मी हिला करार दाखवला. त्यात आमच्या कामाचं वर्णन असतं ना, नायक, नायिका, खलनायक वगैरे? माझ्यापुढे टंकलिखित केलंय: 'परिणामशून्य.' तीस वर्षं रक्त आटवून अभिनय केला, आणि शेवटी नोकरी पक्की झाली ती माझ्या असण्यानसण्यानं कुणाचं काही बिघडत नाही हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं म्हणून! ही म्हणाली, 'सही करा.'

केली.