तिसरी विद्यार्थिनी आणि कापसाचा बोळा

दातांच्या दवाखान्यात आजीबाई आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या, पण कान सगळे शेजारच्या बाकावर. तिथे नुकतीच दाढ काढलेली एक मावशी, गालात कापसाचा बोळा, आणि सोबत भाची.

“मावशी, अर्धा तास तोंड उघडायचं नाही म्हणालेत डॉक्टर.”

“त्यांची दाढ नाही गेली! तू सांग, स्पॅनिशच्या शिकवणीचं काय झालं?”

“दोघं आले, पहिल्याच तासाला पळाले. जीव तोडून शिकवलं गं.”

“तासभर बोललं कोण?”

“मीच.”

“आणि ते?”

“माना डोलवत होते.”

“अगं, बोलायला शिकायला आलेल्यांना तू मुकं करून पाठवलंस!”

“कुणी गप्प झालं की मला धडकी भरते. वाटतं, हिला काही येत नाही म्हणतील.”

“प्रश्न विचारायचा नि तोंडाला कुलूप लावायचं. माझ्याकडे बघून शीक. मी कधी कुणाच्या मध्ये—”

“मावशी, बोळा पडला.”

“पडू दे!”

“थांब, फोन. तिसरी विद्यार्थिनी, हिचा पहिला तास फोनवरच आहे. हीसुद्धा गेली तर शिकवणी बंद, मी आपली जुन्या नोकरीवर.”

“उचल. एक प्रश्न, आणि गप!”

भाचीने स्पीकर लावून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. पलीकडे नुसता श्वास. अख्खा दवाखाना कान टवकारून बसला. मावशीचे ओठ उघडू लागले, तशा आजीबाईंनी डोळे वटारले. मावशीने डॉक्टरांनी बदलायला दिलेला कापूस पिशवीतून ओढला आणि मूठभर तोंडात कोंबला.

मग फोनमधून चाचरत एक शब्द आला. पाठोपाठ दुसरा.