तायबच्या वाट्याचं काम

ईदच्या आदल्या दिवशी ट्युनिसमध्ये न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोघे बोलत होते.

"तायब, संरक्षण मंत्रालयात तुम्हा संचालकांची कामं नव्यानं वाटली म्हणे. जहाजखरेदी कुणाकडे?"

"लुत्फीकडे."

"आणि तुझ्याकडे?"

"जवानांचं जेवण, ब्लँकेटं, रजा."

"म्हणजे खानावळच की! इतकी वर्षं खुर्ची झिजवून हेच पदरात पडलं?"

"मी खूश आहे, हुमायद. तुझा सैफ वाळवंटातल्या चौकीवरच आहे ना?"

"हो ना. ईदला येणार का, म्हणून त्याची आई रोज डोकं खाते... रजा तुझ्याकडे म्हणालास?"

"हो."

"तायबसाहेब, माझा नंबर घ्या. तुम्ही बसा ना आधी."

"गप बस. त्या चौकीच्या रजा सकाळीच मंजूर केल्यात. दाढी गुळगुळीत करून घे, संध्याकाळी पोरगं गालाचे मुके घेईल."