सातही तबकं परत

...आणि वर मलाच विचारतात, "ख्वातकाका, असं केलंत तरी कसं?" आता मी काय केलं? तुम्हाला सांगतो, पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून मी एक शब्द बोललो नव्हतो. एक शब्द! आमच्या हिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या तोंड उघडायचं ते फक्त खायला." बरं, म्हटलं. कोट घातला, टाय आवळला, आणि बसलो.

हॉल आमच्या बाजारातलाच, मासळीच्या गाळ्यांच्या वरचा. प्रागमधल्या आमच्या व्हिएतनामी लोकांची लग्नं, बाळाच्या महिन्याची जेवणं, मयताची जेवणं, सगळं तिथंच. खाली टाकीत मासे तडफडतात, वर माणसं. आता मुलगी माझी, हॉल माझ्या ओळखीनं मिळालेला, सूप माझ्याच दुकानातून दोन पातेली आलेलं, आणि बोलायची बंदी मलाच! का? तर म्हणे मी थट्टा करतो.

मी थट्टा करतो? अहो, दुकानात एक उंच चेक माणूस यायचा, बिचारा अगदी सभ्य, विचारायचा की तुमच्यात सूप प्यायची काही रीत असते का? आता रीत कसली, वाटी उचला आणि प्या! पण एवढा लांबून आलेला माणूस, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? म्हणून मी म्हटलं, "आधी पातेल्याला वाकून नमस्कार करतात." त्यानं केला. दुसऱ्या आठवड्यात बायकोला घेऊन आला, तिनं केला. आता तीन पोरंही करतात, ओळीनं उभी राहून. कुणाचं काय बिघडलं? पातेल्याला मान मिळाला! पण नाही, आमच्या हिचं म्हणणं, "तुमच्या तोंडाला कुलूप पाहिजे." लावलं कुलूप. मी एक शब्द बोललो नाही.

बरं, विहीणबाई कोण, तर लुआबाई. नखांचं घाऊक दुकान. खोटी नखं, रंग, चमक्या... अर्ध्या देशातल्या बायका यांच्याकडून बोटं सजवतात. बाई बोलायला लागली की कात्रीसारखी, आणि मानपान म्हणाल तर इकडचा कागद तिकडं झालेला चालत नाही. मुलगा विन्ह मात्र गरीब. आईच्या मागं खोकी उचलत वाढलेला, कुणी "बस" म्हटलं तरी आधी आईकडं बघतो. माझी दिएप त्याच्यावर चार वर्षं जीव टाकून बसलेली, आणि चार वर्षं लुआबाई म्हणतेय, "मुलगी चांगली आहे हो, पण बाप..." पुढं नुसता हात हलवायची. तेव्हा त्या दिवशी काय पणाला लागलं होतं तुमच्या लक्षात आलं असेल. महामुश्किलीनं बाई तयार झालेली!

आली. गाड्या लावायच्या जागेपासून मिरवणूक. पुढं लुआबाई, मागं लाल झगे घातलेली सात पोरं, सातांच्या हातात सात तबकं, त्यांना झाकणं, वर लाल कापड. सुपारीचा अख्खा घोस, विड्याची पानं, चहा, दारूच्या बाटल्या, कमळबियांची मिठाई, नवराबायकोच्या जोडवड्या, आणि सातव्या तबकात, मिरवायला म्हणून उघडंच ठेवलेलं, भाजलेलं डुकराचं पिल्लू. डोळ्यांच्या जागी हिरवे दिवे, उघडझाप करणारे! सामानाच्या हातगाड्या ढकलणारे थांबले, न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. मी म्हणणार होतो, "पिल्लू डोळा मारतंय बघा विहीणबाईंना." जिभेच्या टोकावर आलेलं. गिळलं! एक शब्द बोललो नाही.

आता व्लास्ता आजीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दिएप दोन महिन्यांची असल्यापासून आजीकडं. आम्ही पहाटे चारला बाजारात, पोर कुठं ठेवणार? खालच्या मजल्यावर ही चेक बाई, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. म्हणाली, द्या इकडं. दिलं ते दिलं! पोरगी सातव्या वर्षापर्यंत आमच्याकडं फक्त रविवारी पाहुणी यायची. तिला त्यांच्या पावाचे ते उकडलेले गोळे करायला शिकवले आजीनं, बर्फावर घसरायला शिकवलं आजीनं, पुस्तकं आजीनं, ताप आला तर उशाशी आजी. माझं नाव आजीला कधी जमलं नाही, म्हणून तिनं माझं नाव पेपा ठेवलं. पंचवीस वर्षं मी पेपा आहे. आम्ही भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरींपुढं उदबत्ती लावतो, ती वर्षातून एकदा येऊन उदबत्तीच्या राखेची पुसापुसी करून जाते. आता एक्याऐंशीची. त्या दिवशी सकाळी सातलाच हॉलवर हजर, टोपी घालून, हातात घरी भाजलेला केक, तो त्यांचा मधे भोक असलेला.

तर रीत अशी, की तबकं आली की मुलीकडच्यांनी प्रत्येकातलं निम्मं काढून ठेवायचं, बाकीचं परत द्यायचं, आणि झाकणं उलटी ठेवायची. म्हणजे मुलाकडचे समजतात, घेतलं, मान्य आहे. आणि काहीच न काढता, झाकण नीट लावून, सगळंच परत गेलं, तर? तर त्याचा अर्थ एकच. पोरगी देत नाही, उठा! तुम्ही म्हणाल, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आजीला माहीत नव्हतं ना!

पूजा झाली, चहा झाला, पोरगी लाल झग्यात अशी दिसत होती की मी टाय डोळ्याला लावला. मग लोक जेवायला बसले. आमची ही पाहुण्यांत. आजी माझ्याजवळ आली. "अरे पेपा, ही तबकं परत जायचीत म्हणे. त्यात किती ठेवायचं?" मी बीअर ओतत होतो. "आजी, हिला विचार." गेली. परत आली. "ती फोटोत आहे. किती ठेवायचं?" "थांब जरा." थांबली. पुन्हा, "पेपा, किती?"

आता तुम्हीच सांगा, सकाळपासून कुलूप लावलेला माणूस, हातात बीअर, समोर ती निळ्या डोळ्यांची म्हातारी, जगातला कुठलाही शब्द खरा मानणारी... मी म्हटलं, "आजी, आमच्यात जितकं परत जातं तितकी वर्षं जोडपं टिकतं. एक सुपारी, एक वर्ष."

एवढंच. एकच वाक्य! आणि लगेच मी "थट्टा केली गं" म्हणणारच होतो, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात ही ओरडली, "वधूपिता, फोटोला या!" गेलो. फोटोत माझं तोंड उघडंच आलंय, पुरावा आहे.

दुपारी दोनला लुआबाईनं आपल्या दुकानात, चाळीस नातेवाइकांसमोर, तबकांवरची कापडं काढली. झाकणं नीट लावलेली. उघडलं, सुपारीचा घोस अख्खा. पानं अख्खी. चहा, बाटल्या, मिठाई, वड्या, एकाला हात लागलेला नाही. डुक्कर चांदीच्या कागदात गुंडाळून, गाठ मारून. कागद काढला तर हिरवे डोळे अजून उघडझाप करतायत! आणि या सगळ्यावर, मधोमध, भोकाचा केक.

तीनला ही बातमी मासळीपासून न्हाव्यापर्यंत पोचली. सव्वातीनला आमच्या हिला कळली. साडेतीनला दिएप, आजीकडून सुपारीचं ऐकून, माझ्यासमोर. आता माझी पोरगी चिडली की ओरडत नाही. ती चेक भाषेत बोलते, आणि अहोजाहो करते. म्हणाली, "आपण आता कृपया काही बोलू नये." डोळे कोरडे. रडली असती तर बरं झालं असतं हो. साखरपुड्याचा लाल झगा अंगावर, आणि फोन हातात धरून उभी, आणि फोन वाजत नाही.

गेलो मी. स्वतः! अर्ध्या बाजारातून, त्याच कोटात. लुआबाईच्या दुकानात शिरलो आणि म्हटलं, "विहीणबाई, चूक माझी. मी आजीची थट्टा केली, तिनं खरं मानलं." सगळं सांगितलं, सुपारीचं, वर्षांचं. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं बोललो. बाई ऐकून घेते, ऐकून घेते, आणि म्हणते, "ख्वातसाहेब, पंधरा वर्षं तुमच्याकडं सूप पिते. पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, सुपात हत्तीचा गुडघा घालता. मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. आज ही सुपारीची गोष्ट घेऊन आलात. मी पुन्हा सांगत फिरू?" चाळीस नातेवाईक, एकाचाही विश्वास नाही! एक म्हातारा तर हसला, म्हणाला, "छान रचलीय." विन्ह खोक्यांमागं उभा, पांढराफटक, आईकडं बघतोय. मी एक शब्द बोललो नाही.

बाहेर पडलो, तर समोरून आजी. चाकांची पिशवी ओढत. काय घोळ झाला ते दिएपनं तिला सांगितलं होतं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही! सरळ आत. मी नखांच्या खोक्यांआड थांबलो.

आजीला व्हिएतनामी येतं ते पोर वाढवण्यापुरतं. "खा", "टोपी घाल", "पळू नकोस". लुआबाईला चेक येतं ते विकण्यापुरतं. मधे विन्हला उभा केला भाषांतराला. आजी म्हणाली, "सुपाऱ्या एकशे पाच होत्या. मी मोजल्या. पोरगी सव्वीसची, म्हणजे दोघं ती एकशे एकतीसची होईपर्यंत बरोबर राहतील. मला पुरेसं वाटलं. पण मग डुक्कर किती वर्षांचं धरायचं ते कळेना, म्हणून कमी नको पडायला, तेही ठेवलं."

विन्हनं भाषांतर केलं. डुकरापाशी त्याचा आवाज फाटला.

लुआबाई हळूच खोक्यावर बसली. नखांचं खोकं, करकरलं. मग केकाकडं बोट केलं. "आणि हा?"

"तो माझा. मी कुठून आणणार सुपाऱ्या? मला वाटलं, माझ्याकडूनही एखादं वर्ष."

लुआबाईनं केकाचा तुकडा मोडला. खाल्ला. चाळीस माणसं तिच्या जबड्याकडं बघतायत. म्हणाली, "कोरडा आहे." विन्हनं घाबरत भाषांतर केलं. आजी म्हणाली, "चहात बुडवायचा असतो, बाळ." तेवढ्याचं भाषांतर मात्र विन्हला करावं लागलं नाही, कारण आजीनं बाईच्या पाठीवर हात ठेवून "खा, खा" असं आमच्या भाषेत म्हटलं, पोरांना म्हणतात त्या सुरात. आणि लुआबाईनं, माझ्या डोळ्यांदेखत, तबकातल्या चहाचा डबा फोडला. दोन पेले केले. एक स्वतःला, एक आजीला. मला? मी खोक्यांआड. मला कोण देणार!

तर जमलं. विन्हनं पहिल्यांदाच आईकडं न बघता दिएपला फोन केला. पण लुआबाईच्या अटी! रविवारी तबकं पुन्हा येणार, पहिल्यापासून, नवी सुपारी, नवं डुक्कर. मुलीकडच्यांच्या वतीनं तबकं घेणार आजी, वडीलधारी म्हणून. खुर्ची मधली आजीची. आणि वधूपित्यानं, म्हणजे मी, खाली मासळीच्या गाळ्यापाशी उभं राहून गाड्या लावून घ्यायच्या. हातवारे करून. तोंडानं नाही.

मान्य केलं. पोरगी पुन्हा मला "बाबा, तू" म्हणायला लागली, अजून काय पाहिजे?

काल आजी दुकानात आली. बसली. सूप प्यायली. म्हणाली, "पेपा, खरं सांग. रविवारी किती ठेवायचं?" मी पळी खाली ठेवली, हात पुसले, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "निम्मं, आजी. निम्मं काढून घे, निम्मं परत, झाकण उलटं." इतका सरळ चेहरा माझा कधी झाला नव्हता, तुम्हाला सांगतो. तिनं चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "आभारी आहे," म्हणाली, आणि पिशवी ओढत मासेवालीला विचारायला गेली.

मासेवालीही निम्मंच म्हणाली. आता आजी म्हणतेय, मी तिला फितवलंय.