रुमालाखालचे पाढे

आमच्या चौथीतल्या ईश्वरीचं सांगितलं का तुम्हाला? वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. पाढा विचारला की नुसती घामाघूम. तिचे वडील बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, ती लई लाजती. रुमालाखाली हात द्या, बोटं दाबून सांगंल. बैलाचा भाव आमी तसाच ठरवतो."

दुसऱ्या दिवशी मी हात दिला, वर रुमाल टाकला. "आठ चोक?" आधी तीन बोटं दाबली, मग दोन. बत्तीस! तेव्हापासून आमचं असंच चाललं.

मग तपासणीला साहेब आले आणि नेमकं तिलाच उठवलं. "सात नवे किती?"

तिनं माझ्या रुमालाकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, हात द्या."

रुमालाखाली तिनं पटापट बोटं दाबली. मी विचारलं, "किती सांगितले?" साहेबांना काहीच कळलं नव्हतं. अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघतोय, आणि कपाळावर ही घामाची धार!

तेवढ्यात ईश्वरी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "घाबरू नका साहेब. चुकलं तरी आमच्या बाई रागवत न्हाईत."